तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्गॅनिक (कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री) पाठ कसं करायचं?

"सर, पोराचं ऑर्गॅनिक पाठच होऊन नाही राहिलं. काही युक्ती सांगा ना." नागपुरात केमिस्ट्रीची ट्यूशन घेणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. माझं उत्तर पालकांना फारसं आवडत नाही: पाठ करू देऊच नका.

मुलं संयुगाचं नाव घोकतात, रेणूकडे बघतच नाहीत. रेणूत आधी दोनच गोष्टी बघायच्या. क्रियात्मक गट (रेणूचा स्वभाव ठरवणारा अणूंचा गट) कोणता, आणि त्याला जोडलेली कार्बनची साखळी केवढी.

समजातीय श्रेणीत, म्हणजे गट तोच पण साखळी वाढत जाणाऱ्या संयुगांच्या रांगेत, शेजारच्या दोन संयुगांत एका सीएच-टूचा (एक कार्बन, दोन हायड्रोजन) फरक, हे वाक्य सगळ्यांना येतं. त्या फरकाने होतं काय, ते विचारलं की वर्ग गप्प. चार कार्बनचं ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, पाच कार्बनचं पेंटेन ३६ला, सहा कार्बनचं हेक्झेन ६९ला. मग मे महिन्यात, पारा ४५वर असताना, नागपूरच्या बर्डीवर पेंटेनची बाटली उघडी ठेवली तर? उकळायलाच लागेल. हेक्झेन उडत राहील, पण उकळणार नाही. (ठेवू नका, दोन्ही भयंकर ज्वलनशील आहेत.)

आता गटाची करामत. इथेन उणे ८९ अंशाला उकळतं. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे ओ-एच बसवला की झालं इथेनॉल, ते ७८ला उकळतं. एका ऑक्सिजनपायी १६७ अंशांची उडी! ओ-एचमुळे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, पाण्यालाही धरतात. म्हणून मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात. ब्युटेनॉल थोडंच विरघळतं, आणि आठ कार्बनचं ऑक्टेनॉल चक्क वर तरंगतं. गट तोच, पण साखळी वरचढ झाली.

आपल्या संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबली की ठिणग्या उडतात. ते लिमोनीन, दहा कार्बनचं हायड्रोकार्बन (फक्त कार्बन-हायड्रोजनचं संयुग); सालीच्या तेलात बहुतांश तेच. त्याच तेलात किंचित डेकॅनाल असतं. तेही दहा कार्बनचंच, पण टोकाला अल्डिहाइड गट (सीएचओ). एवढ्याशा डेकॅनालचा संत्र्याच्या वासात मोठा वाटा असतो.

श्रेणीच्या पहिल्या सदस्यावर मात्र विसंबू नये. आम्लांच्या श्रेणीतलं पहिलं, फॉर्मिक आम्ल, टॉलेन्स अभिकर्मकासोबत (अल्डिहाइड ओळखायचं चांदीच्या संयुगाचं द्रावण) चांदीचा आरसा देतं, ॲसेटिक आम्ल देत नाही. फॉर्मिकमध्ये कार्बनला साखळीऐवजी नुसता हायड्रोजन आहे, त्यामुळे त्यात अल्डिहाइडचीही मांडणी सापडते. परीक्षेत नेमकं हेच विचारतात, आणि रचना काढून बघणाऱ्या पोरालाच ते सुचतं.

राहिली नावं. मिथेनॉइक, इथेनॉइक (फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची नवी नावं) ही कार्बन मोजून बनवता येतात. फॉर्मिक, ॲसेटिक, ब्युटिरिक ही जुनी नावं तेवढी पाठ करावीच लागतात, त्याला माझ्याकडेही इलाज नाही.