राणीबागेतलं संग्रहालय : मराठी फेरीची वेळ गाठा

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एरवी तासाभरात पाहून होतं. कार्यक्रमाच्या दिवशी गेलात तर अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस काढावाच. इथल्या बहुतेक वस्तू छोट्या आहेत: मातीच्या बाहुल्या, होड्यांच्या प्रतिकृती, पगड्या, नकाशे, खुजे-सुरया. सोबत सांगणारं कुणी नसलं तर नजर काचांवरून घसरत जाते आणि लक्षात राहतं ते फक्त छत. ते सुंदर आहेच, पण शहर खालच्या कपाटांमध्ये आहे. दिवस आणि वेळ नीट निवडून मराठी फेरी, म्हणजे मराठीतून माहिती देत फिरवणारी फेरी, गाठता यावी, म्हणून हे सगळं तपशिलात.

आधी वार. बुधवारी संग्रहालयही बंद आणि ज्या बागेत ते उभं आहे ती राणीबाग, म्हणजे मुंबईचं प्राणिसंग्रहालय, तीही बंद. इतर दिवशी दहा ते सहा, तिकीट साडेपाचपर्यंत. माहिती देत फिरवण्याच्या फेऱ्या शनिवार-रविवारी असतात. साडेअकराला इंग्रजी आणि साडेबाराला मराठी-हिंदी, संग्रहालयाच्या तिकिटावरच, वेगळे पैसे न घेता, अशी इथली जुनी पद्धत. नवं प्रदर्शन लागताना किंवा सभागृहात दुसरा कार्यक्रम असताना वेळ पुढेमागे होऊ शकते. म्हणून शुक्रवारी दुपारी फोन करून तीनच गोष्टी विचारा: उद्या मराठी फेरी आहे का, किती वाजता, आणि मुलांच्या कार्यशाळेत जागा आहे का. ‘काही कार्यक्रम आहे का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळतं.

शनिवार की रविवार, यात आमचं मत शनिवारच्या बाजूने. रविवारी राणीबागेत पेंग्विन पाहायला येणाऱ्या कुटुंबांची रांग फाटकाबाहेर येते. त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवणं) सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नेमका तुमच्या प्रवासाच्या वेळी. रविवारीच जायचं असेल तर ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारी रात्री पाहून ठेवा आणि दहाच्या आत भायखळ्याला उतरा. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला.

उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. भायखळा स्टेशनची दगडी इमारत रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या काळातली आहे. तिची दुरुस्ती इतकी नेटकी झाली की २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पाच मिनिटं तिला द्या, मग पूर्वेला बाहेर पडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाकडे चालत दहा-बारा मिनिटं लागतात. टॅक्सीने येणार असाल तर ‘भाऊ दाजी लाड’ न म्हणता ‘राणीबाग’ म्हणा, टॅक्सी बरोबर फाटकाशी येते.

फाटकाशी आल्यावर एक घोटाळा हमखास होतो. प्राणिसंग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि वस्तुसंग्रहालयाचं वेगळं. घाईत लोक बागेच्या रांगेत उभे राहतात, तिकीट काढतात आणि आत संग्रहालयाच्या दाराशी पुन्हा पैसे मागितले की वाद घालतात. वाघ-पेंग्विन पाहायचे नसतील तर फाटकावरच्या रखवालदाराला ‘म्युझियमला जायचंय’ एवढं सांगा आणि संग्रहालयाची तिकीट खिडकी गाठा. तिथेच ‘मराठी फेरीसाठी आलोय’ हेही स्पष्ट सांगा. गटात मिश्र मंडळी असली की बोलणं आपोआप हिंदीकडे किंवा इंग्रजीकडे सरकतं. मराठी ऐकायला चार जण आलेत हे आधीच कळलं तर सांगणाऱ्यालाही तयारी करता येते. संकोच करू नका. मागणी दिसली तरच ही फेरी टिकते.

फेरीला वेळ असेल तर आत न जाता आधी बाहेरचा दगडी हत्ती पाहा. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं ते याच हत्तीवरून. काळ्या पाषाणातला हा हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना साखळ्या तुटल्या, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली इथे ते पुन्हा जोडले गेले. लांबून हत्ती अखंड वाटतो. जवळ जाऊन अंगावरून तिरकी नजर फिरवा, सांधे दिसू लागतात, दगडाच्या कणीत आणि भरलेल्या मसाल्यात फरक कळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात हे स्पष्ट दिसतं, भर दुपारी सगळं सपाट होतं. मुलांना सांधे मोजायला लावा. पाच मिनिटं शांतता मिळते आणि वस्तू निरखण्याची सवय लागते, ती पुढे आत उपयोगी पडते.

आत शिरण्याआधी थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण फेरीत तो भरभर येतो. हा संग्रह आधी फोर्टातल्या बराकीत होता. १८५७च्या उठावात लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तू बाहेर फेकल्या गेल्या, बऱ्याच नष्ट झाल्या. डॉ. जॉर्ज बर्डवूड, जगन्नाथ शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणी गोळा करून नव्या इमारतीचं काम उचललं. पायाभरणी १८६२ची. मग कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, मुंबईतला पैसा आटला, बांधकाम रखडलं आणि दारं उघडायला २ मे १८७२ उजाडला. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे आणि जुने शिलालेख वाचणारे. १८७४ साली ते गेले. ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ हे नाव जाऊन त्यांचं नाव लागलं १९७५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००३मध्ये जीर्णोद्धार हाती घेतला, २००५मध्ये त्याला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मधल्या काळात दुरुस्तीसाठी पुन्हा काही वर्षं बंद राहून जानेवारी २०२५मध्ये संग्रहालय परत खुलं झालं.

तळमजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत. इथे जे. जे. कलाशाळेत घडलेली मातीची भांडी चुकवू नका. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या काळात तिथे कुंभारकामाची कार्यशाळा चालत असे, आणि तीच चित्रं या भांड्यांवर उतरली. काचेतून चकाकी दिसते, नक्षी नाही. म्हणून समोर उभं न राहता एक पाऊल बाजूला सरका, काचेवरचं खिडकीचं प्रतिबिंब हटलं की रंग दिसतात. फोटोलाही हीच युक्ती. फोन काचेला जवळजवळ टेकवा आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत.

फेरी साधारण पाऊण ते एक तास चालते, सगळी उभ्याने. पायाला आरामाची चप्पल घाला. गटाच्या मागे राहू नका. दालन उंच आहे, आवाज वर जाऊन घुमतो आणि चौथ्या रांगेतल्या माणसाला अर्धी वाक्यं ऐकू येत नाहीत. सांगणाऱ्याच्या डाव्या-उजव्या खांद्याशी जागा धरा. समोर उभं राहिलात तर कपाटाकडे पाठ होते. प्रश्न त्या कपाटापाशीच विचारा, शेवटी विचारू म्हणून ठेवलेत तर ती वस्तू वीस पावलं मागे राहिलेली असते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर वरच्या मजल्यावर कसं जायचं ते तिकीट घेतानाच विचारून ठेवा, जिना मोठा आहे.

वरचा मजला म्हणजे या संग्रहालयाचा जीव. मुंबई इथे हातभर उंचीत मांडली आहे. बेटांचे नकाशे, बंदरात येणाऱ्या गलबतांच्या प्रतिकृती, पारशांच्या दोखम्याची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची) प्रतिकृती, आणि जातीजमातींचे, धंदेवाल्यांचे मातीचे पुतळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स इथले अभिरक्षक (क्युरेटर) असताना, ही प्रतिकृती घडवण्याची पद्धत रुजली. घाईने पाहिलं तर हे खेळणीवाल्याचं दुकान वाटेल. एकाच कपाटापाशी थांबा आणि फक्त डोकी पाहा. पगडीचा घाट, कपाळावर ती किती पुढे आली आहे, मागे शेमला (सुटा सोडलेला पदर) आहे की नाही. त्या काळी रस्त्यात समोरून येणाऱ्याची जात, गाव, धंदा लोक डोक्यावरून ओळखत. ते वाचणं आपण विसरलो आहोत. आजीआजोबा सोबत असतील तर ते फेरीच्या मार्गदर्शकाहून जास्त सांगतात, त्यांना बोलू द्या. हेही लक्षात ठेवा की माणसांची अशी वर्गवारी करून कपाटात मांडणं ही ब्रिटिश राजवटीची दृष्टी होती. चांगला मार्गदर्शक हे आपणहून सांगतो, सांगितलं नाही तर विचारा.

मुलांच्या कार्यशाळांना आधी नोंदणी लागते आणि जागा मोजक्या असतात. वयाची अट वाचा. सहा वर्षांच्या मुलाला दहा-बारा वर्षांच्या गटात ढकललं की ते रडवेलं होतं आणि शिकवणाऱ्याचा वेळ त्यातच जातो. मातीकाम असेल तर जुने कपडे, एक ओला फडका आणि बुटाचं रिकामं खोकं घेऊन जा. खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात वस्तू ठेवली तर लोकलच्या गर्दीतही घरी धड पोचते. खरी पंचाईत घरी होते. शाडूची माती सुकताना आकसते. सेंटिमीटरहून जाड भरीव गोळा असेल तर वरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि चीर पडते. म्हणून जाड भाग मागून कोरून पोकळ करायला सांगा. हात, सोंड, कान जोडताना दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे काढून मध्ये पातळ कालवलेली माती लावा, नुसतं दाबून चिकटवलेलं सुकल्यावर गळतं. पहिला दिवस वस्तू ओलसर कागदात गुंडाळा, मग तीन-चार दिवस सावलीत. पंख्याखाली नाही, उन्हात तर नाहीच.

शाळा किंवा सोसायटीचा गट नेणार असाल तर निदान दोन-तीन आठवडे आधी लेखी कळवा. चाळीस मुलं असतील तर वीस-वीसचे दोन गट करा. एक खाली, एक वर, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मुलांना पेन देऊ नका, पेन्सिल द्या, वस्तूंच्या जवळ शाई नको हा सगळ्याच संग्रहालयांचा नियम. आणि प्रश्नपत्रिकेसारखी लांब यादी देऊ नका. ‘एक वस्तू निवड आणि काढ’ एवढंच सांगितलं की मुलं थांबतात. यादी दिली की फलक उतरवत धावतात, वस्तूकडे पाहतच नाहीत.

बाहेर पडल्यावर इमारतीच्या भोवती फेरी मारा. शहराच्या चौकांतून हटवलेले ब्रिटिशकालीन पुतळे इथे आणून ठेवले आहेत, काहींची डोकी फोडलेली. त्यातच घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड आहे. फोर्टातल्या ‘काळा घोडा’ या नावाचा मूळ धनी हाच, १९६५ साली इथे हलवलेला.

दुसऱ्या दिवशी फोर्टात जायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ठेवा. भायखळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तिसरं स्टेशन, तिथून चालत वीसेक मिनिटं. ते आठवडाभर सव्वादहा ते सहा उघडं असतं, फक्त २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बंद. महाराष्ट्र दिनाच्या सुटीत मुलांना तिथे नेणारे दारातून परत फिरतात, त्यात आपण नको. तिथे मराठी ऑडिओ गाईड मिळतो, कानाला लावण्याआधी भाषा बदलून घ्या. आवारातलं मुलांचं संग्रहालय २०१९मध्ये सुरू झालं, गोरखचिंचेच्या जुन्या झाडाला धरून बांधलेलं. तालुक्याच्या गावांतल्या शाळांसाठी त्यांची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५पासून फिरते. मुंबईला सहल आणणं परवडत नसेल तर मुख्याध्यापकांनी शाळेच्या पत्रावर बसची मागणी करावी. पत्रात पटसंख्या, बस उभी राहील एवढं सपाट मैदान आहे का आणि परीक्षांच्या तारखा, हे तिन्ही लिहा.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांत दोन्हीकडे कार्यक्रम दाटीने असतात आणि गर्दीही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस आले की फोर्टातल्या कार्यशाळांच्या जागा पटकन संपतात, तेव्हा वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी नाव नोंदवा. तिथल्या चौकात २०१७पासून नवा काळा घोडा उभा आहे. भायखळ्याचा पाहून आलेल्या मुलांना त्याच्यासमोर उभं करा आणि काय कमी आहे ते विचारा. पाठीवर राजा नाही, हे त्यांना लगेच दिसतं.