चेलो आणि दही

आज दुपारी दांडिया बाजारात ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा भाच्याने पाठवलेला वाद्यवृंदाचा अल्बम अखेर लावला. भजनं आणि देशभक्तीची गाणी, सगळी शब्दांशिवाय. भजनं जरा जास्तच गोड, व्हायोलिनचा नुसता पूर. (भाच्याला सांगू नका.) मग 'वंदे मातरम्' आलं. आधी एकटा चेलो, अगदी खालच्या सुरात, मग हळूहळू बाकीचे. आणि गाडी नेमकी अरविंद निवाससमोर! श्री अरविंद १८९३ ते १९०६ इथे बडोद्यात होते. याच गीताचं इंग्रजी भाषांतर त्यांनी पुढे केलं. समोरची रिक्षा कधी हलली कळलंच नाही. मागून हॉर्नवर हॉर्न.

घरी पोचले तर आई म्हणे, "दही कुठंय?"