पाणी समितीच्या सतरंजीवर

मुलांच्या दातांपासून सगळं सुरू झालं.

२०१९ चा सप्टेंबर. बडोद्याहून पूर्वेला तासाभराच्या वाटेवर एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या प्राथमिक शाळेत मी हळदीच्या पाण्याचे प्रयोग दाखवायला गेले होते. कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर शाळाशाळांतून हेच करते. तिथल्या बाई बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गातल्या, म्हणून मला ताई म्हणतात. सोड्याच्या पाण्यात हळद लाल झाली तशी पुढच्या रांगेतली पोरं खुदकन हसली आणि मला त्यांचे दात दिसले. पिवळट-तपकिरी आडवे पट्टे, एकदोघांचे नाहीत, जवळजवळ अख्ख्या रांगेचे.

"ताई, दात घासत नाहीत म्हणून रोज रागावते हो मी त्यांना," बाई म्हणाल्या.

घासून जाणारे डाग नव्हते ते. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दातांवर असे पट्टे येतात. पुढच्या आठवड्यात मी तपासणीचं किट घेऊन गेले. फ्लोराइडच्या तपासणीत गुलाबी-लाल रंगाचं द्रावण पाण्यात घालतात. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग उडून पिवळ्याकडे जातो. शाळेच्या नळाचं पाणी बघता बघता पिवळं झालं. किटचा रंग डोळ्यांनी वाचायचा असतो, म्हणून खात्रीसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. लिटरमागे २.६ मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा १ आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "उकळून प्यायलं तर?" उकळून फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे उरतं, म्हणजे उलट वाढतंच. खडकातून येणारी गोष्ट आहे ती. आमच्या पूर्वेला छोटाउदेपूरकडे आंबाडुंगरला फ्लोरस्पारच्या, म्हणजे फ्लोराइडच्या खनिजाच्या, खाणी आहेत, इतकं ते तिकडच्या खडकात भरलेलं आहे. या गावाचा बोअर खूप खोल. खोलातलं पाणी वर्षानुवर्षं दगडात मुरलेलं असतं.

गावात उथळ विहीरही होती, तिच्यात फ्लोराइड कमी. पण जंतूंच्या तपासणीची बाटली तिचं पाणी भरून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काळीकुट्ट. विहिरीपासून दहा पावलांवर दोन शौचालयांचे खड्डे होते. म्हणजे बोअर प्यावा तर दात आणि हाडं जातात, विहीर प्यावी तर पोट.

मला वाटलं होतं, रिपोर्ट जोडून अर्ज दिला की काम होईल. एका कचेरीत दोन तास बसवून अर्ज परत दिला. एकट्या बाईच्या अर्जाने योजना होत नाही, गावाचा ठराव आणा म्हणाले. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, दोन तास बसवलं ते चूक, पण सांगितलं ते बरोबर होतं. गुजरातेत २००२ पासून वास्मो नावाची सरकारी संस्था आहे. तिची रीतच अशी, की गावातली पाणीयोजना गावच्या पाणी समितीने करायची, चालवायची, पट्टी गोळा करायची. पैसा आणि तांत्रिक मदत सरकारची. या पद्धतीसाठी २००९ साली तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, त्याचा पायाही हाच: घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर, आणि गावाची समिती. समितीत दहा ते पंधरा जण, त्यात निदान निम्म्या बायका.

२६ जानेवारी २०२० च्या ग्रामसभेत ठराव झाला. बायकांची नावं नियमाप्रमाणे लिहिली गेली. पहिली बैठक पंचायतीत रात्री नऊ वाजता ठेवली होती. मी गेले तर सतरंजीवर सगळे पुरुष. "त्या कुठे आहेत?" विचारलं, तर प्रत्येक जण आपापल्या बायकोच्या वतीने आला होता. दुसऱ्या बैठकीलाही तेच.

वाट काढली ती दूध मंडळीच्या मंत्र्यांनी. (इकडे दूध सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात.) ते म्हणाले, बायका रोज संध्याकाळी दूध भरायला माझ्या ओट्यावर येतातच, सतरंजी तिथेच टाका, भरण्याच्या अर्धा तास आधी. आशाबहेनने, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीने, घरोघर निरोप दिले. त्या दिवशी अकरा बायका आल्या. इतके दिवस पंचायतीत कोणी बोललंच नव्हतं असं एका म्हातारीने विचारलं: "नळ आला की पाणी कोण सोडणार, आणि किती वाजता?" या प्रश्नाची खरी किंमत मला दीड वर्षाने कळली.

लोकफाळा म्हणजे आपली लोकवर्गणी. गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा असतो; डोंगरी-जंगली भागात, किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावात ५ टक्के. आमच्याकडे १० होता. मंत्र्यांनी दुधाच्या पगारातून हप्त्याने कापायचं ठरवलं, सह्या झाल्या, आम्ही सगळे खूश. टेकरा फळियात मात्र दुसऱ्याच दिवशी कुजबुज सुरू झाली. फळियं म्हणजे आळी. ही आळी गावाच्या टोकाला उंचावर, शेतमजुरांची. त्यांच्याकडे ना जनावर, ना दुधाचा पगार. "आमचं नाव यादीत नाही म्हणजे आम्हाला नळ नाही" असा सरळ अर्थ त्यांनी काढला, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. आम्ही वर्गणी ठरवताना त्यांच्यातलं कोणी सतरंजीवर नव्हतं.

वर्गणी श्रमदानानेही देता येते, हे नियमातच आहे. ते मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्या दोन बायकांना समितीत घेतलं. मार्चअखेर लॉकडाऊन लागला. बाहेरगावी मजुरीला गेलेले त्यांचे मुलगे, नवरे परत आले आणि जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, त्याच लोकांनी चर खणले. तोंडाला फडकं बांधून, अंतर ठेवून, तीन-तीन फूट खोल. गावात सगळ्यात आधी वाटा पुरा झाला तो टेकऱ्याचा.

आराखड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः शिकले. मदत करणाऱ्या संस्थेची इंजिनियर बडोद्याच्या कारेलीबागेतली, आपली मराठी मुलगी, मला मावशी म्हणते. तिने शाळेच्या पटांगणात चुन्याने अख्खं गाव काढलं: टाकी, रस्ते, फळियी. आराखड्यात एकच मोठी नळी होती आणि तिची शेवटची फांदी टेकऱ्यावर. टेकऱ्यावरची एक बाई चुन्याच्या रेघेवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथपर्यंत पाणी चढणार नाही. वीस वर्षं डोक्यावरून घागर नेतेय, कुठे मान ताठ होते ते मला माहीत आहे. कंत्राटदाराचा माणूस हसला. आमची मुलगी हसली नाही. तिने यंत्र लावून उंची मोजली. खालच्या घरांचे नळ आधी उघडले, तर वर फक्त हवा येणार होती. मग टाकीपासूनच टेकऱ्यासाठी वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह घेतला. खर्च वाढला, त्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. सरपंचकाका शेवटी म्हणाले, चर ज्यांनी खणले त्यांनाच कोरडं ठेवलं तर मला या गावात तोंड दाखवता येणार नाही.

बायकांनी चराची खोली मोजायला काठीवर खूण केली होती. एके ठिकाणी नळी गटाराच्या आतूनच नेत होते. त्यांनी काम थांबवलं. पाणी बंद असतं तेव्हा नळीत पोकळी होते आणि सांध्याच्या फटीतून बाहेरचं आत खेचलं जातं, हे त्यांना सांगितलं होतंच. नळी गटारापासून लांब आणि त्याच्या वरच्या पातळीला हवी. दोन दिवस काम बंद राहिलं. नळी हलवली.

शौचालयांचं काम याच सतरंजीवर ठरलं. गावात १२,००० रुपयांच्या अनुदानातून शौचालयं झाली होती, पण बहुतेकांनी एकच खोल खाळकुवा, म्हणजे शोषखड्डा, खणलेला. दोन उथळ खड्डे हवेत: एक भरला की मधल्या कुंडीतून वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला बंद ठेवायचा, वर्षदोन वर्षांत त्याचं खत होतं, वास राहत नाही. विहिरीजवळचे दोन्ही खड्डे बुजवून १० मीटरच्या पलीकडे नवे खणले, इतर घरांतही गवंड्यांकडून दुसरे खड्डे करून घेतले. पण बंद खड्डा उघडणार कोण? हा प्रश्न जातीचा आहे आणि गावात तो कोणी उघड बोलत नव्हतं. मी त्यांना २०१७ ची गोष्ट सांगितली: केंद्राच्या पेयजल आणि स्वच्छता मंत्रालयाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः असा खड्डा रिकामा करायला उतरले होते. दोन वर्षांनी पहिला खड्डा उघडला तेव्हा पहिलं फावडं शाळेच्या मुख्याध्यापकांनी मारलं, स्वतःच्याच घरच्या खड्ड्यात. चहाच्या चोथ्यासारखी कोरडी माती निघाली. त्यांच्या पत्नीने ती आंब्याच्या आळ्यात घातली. त्यानंतरही दुसऱ्या जातीच्या माणसाला पैसे देऊन बोलावू पाहणारी घरं आहेत. समिती त्यांना आजही अडवते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नर्मदेचं शुद्ध केलेलं पाणी गावच्या टाकीत आलं. टेकऱ्यावर पहिल्याच दिवशी धार लागली. मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणि मे महिन्यात पाणी पुन्हा पिवळं झालं. नळाचं नव्हे, किटमधलं. समितीतल्या पाच बायकांना तपासणी शिकवली होती, त्यांनीच फोन केला: "काकी, फ्लोराइड परत आलं." माझा विश्वास बसेना. त्यांनी तीन नळांवर तीनदा करून पाहिलं होतं. कोणाला विचारावं हे त्यांना माझ्याआधी सुचलं. टाकीवरच्या ऑपरेटरला.

तो तरुण मुलगा आधी बोलेना, मग भडाभडा बोलला. उन्हाळ्यात वरून नर्मदेचं पाणी अपुरं यायचं, तेही मध्यरात्री, दीडदोन तास. टाकी अर्धी राहिली की सकाळी लोक त्याच्या दारात शिव्या देत यायचे. म्हणून तो जुना बोअर चालू करून टाकी भरायचा. चार महिने त्याला पगार नव्हता. आणि मोठं दुःख वेगळंच: "दीड वर्ष मीटिंगा चालल्या, मला एकदा तरी बोलावलंत?"

सरपंच, मंत्री, बाई, आशाबहेन, इंजिनियर, टेकऱ्याच्या बायका, सगळ्यांना आम्ही सतरंजीवर आणलं होतं. ज्याच्या हातात रोज चावी, तो टाकीखाली एकटा बसून होता. त्या म्हातारीने पहिल्याच दिवशी त्याच्याबद्दल विचारलं होतं.

त्याच आठवड्यात बोअरची जोडणी टाकीपासून तोडली. त्याचं पाणी आता फक्त जनावरांच्या हौदाला. मागचा पगार दिला, पुढचा पाणीपट्टीतून दर महिन्याच्या पाच तारखेला. पाणी कमी आलं तर तो सकाळी मंडळीच्या फळ्यावर पातळी लिहितो आणि त्या दिवशी सगळ्या फळियांना सारखं कमी मिळतं. ब्लीचिंग पावडरचं मापही आता त्याच्याकडे. साधारण पाव भाग क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला ४ ग्रॅम, पाण्यात कालवून, निवळी तेवढी टाकीत. आधी लोक "औषधाचा वास येतो" म्हणून ओरडायचे. अर्ध्या तासानंतर शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, हे आता तोच त्यांना समजावतो.

जानेवारी २०२३ मध्ये गेले तेव्हा बैठक ओट्यावरच होती. ऑपरेटरने वहीतून महिन्याचे आकडे वाचले. टेकऱ्याच्या बाईने किटच्या नळीत थेंब टाकले, पाणी फिकट पिवळं झालं (क्लोरीनच्या तपासणीत हे पिवळं हवंच असतं) आणि तिने ते खूण जुळवून लिहून घेतलं.

निघताना शाळेच्या बाईंनी मला एक कागद दाखवला. ज्या मुलांचे दात रंगले त्यांचे तसेच राहणार, हे त्यांना आता ठाऊक आहे. त्यांना त्या रागावत नाहीत. कागदावर अंगणवाडीच्या नोंदीतून काढलेली नावं होती, फेब्रुवारी २०२१ नंतर गावात जन्मलेली मुलं. त्यांचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येऊ लागतील, म्हणजे २०२७-२८ ला. तेव्हा ही मुलं पहिली-दुसरीत असतील. प्रत्येक नावापुढे बाईंनी दातांसाठी एक रकाना रिकामा सोडला आहे. तिसरं नाव ऑपरेटरच्या मुलीचं आहे.