हृदयावरची चरबी: ऑपरेशन थिएटरातल्या तुकड्यापासून एलायझाच्या आकड्यापर्यंत

पेरिकार्डियमची (हृदयाभोवतीच्या आवरणाची) पिशवी उघडली की आधी दिसते ती पिवळी चरबी. हृदयाचा तांबडा स्नायू तिच्या फटींतून डोकावतो. माणसाच्या हृदयाचा साधारण ८० टक्के पृष्ठभाग या एपिकार्डियल चरबीने झाकलेला असतो आणि हृदयाच्या वजनात तिचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास असतो. सर्जनसाठी ती अडचण असते, कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या तिच्यातच दडलेल्या असतात आणि बायपास करताना ती बाजूला सारावीच लागते. आमचं काम त्या बाजूला सारलेल्या चरबीतून सुरू होतं: ती कोणती हार्मोन्स सोडते आणि खालच्या स्नायूच्या कामाशी त्यांचा काय संबंध, हे मोजायचं. हा लेख त्या मोजणीच्या प्रक्रियेबद्दल आहे. निष्कर्षापेक्षा मोजणीतच जास्त लोक घसरतात, असं माझं मत आहे.

हृदयाभोवती चरबी दोन प्रकारची असते आणि निम्मा घोळ इथेच होतो. एपिकार्डियल चरबी पिशवीच्या आत, थेट स्नायूवर बसलेली असते. दोहोंमध्ये पडदा नाही आणि दोघांना रक्त कोरोनरी धमन्यांच्याच फांद्यांतून मिळतं. पिशवीच्या बाहेरची पॅराकार्डियल चरबी दिसायला अगदी तशीच, पण तिचा रक्तपुरवठा वेगळा आणि गर्भातला उगमही वेगळा. आतल्या चरबीने सोडलेलं हार्मोन शरीरभर न फिरता शेजारच्या पेशीपर्यंत झिरपू शकतं. बाहेरच्या चरबीला ती सोय नाही. छाती उघडल्यावर घाईत बाहेरचा तुकडा कापून 'एपिकार्डियल' अशी चिठ्ठी लावली, तर पुढचं सगळं व्यर्थ. म्हणून मी एकच नियम पाळते: तुकडा पिशवी उघडल्यानंतरच घ्यायचा आणि जागा प्रत्येक रुग्णात तीच, म्हणजे उजव्या कोरोनरीच्या सुरुवातीजवळची खाच. जागा बदलून चालत नाही, कारण कर्णिकेवरची (हृदयाच्या वरच्या कप्प्यावरची) चरबी, जवनिकेवरची (खालच्या कप्प्यावरची) चरबी आणि धमनीलगतची चरबी यांच्यात वेगवेगळी जनुकं चालू असतात.

परवानगीचं आधी. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती, तीही मराठीत आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, स्ट्रेचरवर नव्हे. 'हार्मोन', 'जनुक' हे शब्द बाजूला ठेवून 'हृदयावरची चण्याच्या दाण्याएवढी चरबी तपासायला घेऊ, त्याने ऑपरेशन बदलणार नाही' असं सांगितलं की माणसाला नेमकं कळतं.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, वेळेला फार महत्त्व आहे. हार्ट-लंग मशीन सुरू झालं की शरीरात दाहाची लाट येते आणि आयएल-६ सारखे रेणू वर जातात. तो परिणाम मशीनचा, चरबीचा नव्हे. म्हणून तुकडा मशीन सुरू होण्याआधी. रक्ताचा नमुना त्याहून आधी, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्यापूर्वी, कारण हेपारिनमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं चरबी फोडणारं लायपेज सुटतं आणि फॅटी अ‍ॅसिड वाढतात. कापायचं कात्रीने, कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) नाही. कॉटरीच्या उष्णतेने कडेचं आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते ज्यावरून कळतं तो रेणू) नासतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. प्रमाण अर्धा ते एक ग्रॅम. त्याच रुग्णाच्या छातीच्या चिरेतून त्वचेखालची तेवढीच चरबीही घ्यायची. तीच त्याची स्वतःची तुलना.

तुकडा हातात आला की थंड सलाइनमध्ये दोन-तीनदा खळबळून धुवायचा. हे सौंदर्यासाठी नाही. अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीचं हार्मोन रक्तातच मिलीलिटरमागे ३ ते ३० मायक्रोग्रॅम असतं. लेप्टिन या चरबीच्याच दुसऱ्या हार्मोनचा हिशोब नॅनोग्रॅममध्ये होतो. चरबीत रक्ताचा थेंब राहिला तर तुम्ही चरबी मोजतच नाही, रक्त मोजता. मग तीन वाटे: एक द्रव नायट्रोजनमध्ये, एक आरएनए टिकवणाऱ्या द्रावात, एक हिस्टॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. टिकवण्याच्या द्रावात तुकड्याची कुठलीही बाजू ५ मिलीमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर द्राव आतपर्यंत पोचत नाही. शिवाय चरबी तरंगते. व्हायल उभी ठेवून दिली की वरचा भाग कोरडाच राहतो आणि महिन्याभराने 'आरएनए का तुटलं?' असा प्रश्न पडतो. व्हायल आडवी ठेवा, अधूनमधून उलटीसुलटी करा.

चरबीतून आरएनए काढणं हा चिकाटीचा उद्योग आहे. पेशी मोठ्या आणि आत बहुतेक तेलाचा थेंब, त्यामुळे १०० मिलिग्रॅममधून निघणारं आरएनए यकृताच्या तुलनेत नगण्य. १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर ट्रायझॉल (पेशी फोडणारा गुलाबी द्राव) घालून होमोजिनाइझ करते, म्हणजे दळून एकजीव करते. क्लोरोफॉर्म घालण्याआधी १२,००० जी वर, ४ अंशाला, १० मिनिटं फिरवते. वर पिवळसर तेलाची साय धरते. तिला धक्का न लावता पिपेटचं टोक खाली नेऊन गुलाबी द्राव उचलायचा. ही पायरी गाळली की तेल शेवटपर्यंत सोबत येतं. मग नेहमीप्रमाणे २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपॅनॉल, ७५ टक्के इथेनॉलचे दोन धुवे. २६०/२८० गुणोत्तर (प्रकाश शोषणावरून आरएनएच्या शुद्धतेचा आकडा) १.८ ते २ आलं म्हणून खूश व्हायचं नाही. २६०/२३० खाली असेल तर ट्रायझॉलमधलं ग्वानिडिन उरलंय, आणखी एक धुवा द्या. पीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजण्याच्या चाचणीत) संदर्भासाठी जीएपीडीएच हे जनुक घेण्याची सवय मी सोडली आहे. ते जनुक इन्सुलिनला प्रतिसाद देतं, आणि आपल्या बायपासच्या रुग्णांत मधुमेह ठासून भरलेला. पीपीआयए जास्त स्थिर राहतं.

जनुक चालू आहे म्हणजे प्रथिन बाहेर पडतंय असं नाही. त्यासाठी ताजी चरबी बारीक कापून २४ तास माध्यमात ठेवायची आणि माध्यमात काय उतरलं ते मोजायचं. कापण्याच्या जखमेनेच आयएल-६ उसळतं, म्हणून पहिलं माध्यम टाकून देऊन नवीन भरल्यावर घड्याळ सुरू करायचं. आकडा नेहमी दर ग्रॅम चरबीमागे लिहा.

एलायझात (प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) चुका ठरलेल्या आहेत. अ‍ॅडिपोनेक्टिनसाठी प्लाझ्मा किटप्रमाणे शेकडो पट पातळ करावा लागतो. एवढं पातळ करणं एका दमात केलं तर पिपेटची छोटी चूक आकड्यात मोठी होऊन उतरते, दोन टप्प्यांत करा. लेप्टिन दिवसभरात बदलतं, रात्री चढतं. नमुना सकाळी उपाशीपोटीच. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन विहिरींत (खळग्यांत) आणि दोहोंतला फरक १० टक्क्यांवर गेला तर पुन्हा. प्लेटच्या कडेच्या विहिरी लवकर गरम होतात, तिथे महत्त्वाचे नमुने ठेवू नका. अ‍ॅलिकॉट (नमुन्याचे वाटे) लहान करा, उणे ८० अंशाला ठेवा आणि एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका. अ‍ॅडिपोनेक्टिन ते सोसतं, आयएल-६ सारखी सायटोकाइन्स नाहीत.

हृदयाचं काम मोजायचं ते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर), शस्त्रक्रियेआधी, आणि करणाऱ्याला हार्मोनचे आकडे माहीत नसताना. चरबीची जाडी छातीच्या हाडाशेजारून हृदय लांबीत दाखवणाऱ्या पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसमध्ये, उजव्या जवनिकेच्या मोकळ्या भिंतीवर, सिस्टोलच्या (हृदय आकुंचनाच्या) शेवटी, महाधमनीच्या वलयाच्या रेषेत लंब धरून, तीन ठोक्यांची सरासरी. ही पद्धत २००३ मध्ये इयाकोबेलिस यांच्या गटाने मांडली. काहीजण डायस्टोलमध्ये (हृदय सैल असताना) मोजतात. तिथे चरबी दबते आणि आकडा लहान येतो. दोन्ही चालतील, पण एकाच अभ्यासात दोन्ही नकोत. इकोवर काळी पट्टी दिसली की सगळीच चरबी नसते. पाणी एकसंध काळं असतं. चरबीत बारीक पांढुरके ठिपके असतात आणि ती स्नायूबरोबर हलते. ९.५ मिलीमीटर पुरुषांत आणि ७.५ मिलीमीटर स्त्रियांत हे मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी (पोट, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी एकत्र बिघडण्यासाठी) सुचवलेले आकडे पाश्चात्त्य रुग्णांवरचे आहेत. ते आपल्याकडे जसेच्या तसे चिकटवू नयेत.

का, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी युडकिन यांनी सहकाऱ्यांसह, धमनीलगतची चरबी रक्तवाहिनीला जागच्या जागी संदेश देते, अशी कल्पना मांडली. आमच्या फॉर्मवर म्हणूनच वजनाशेजारी कंबरेचा घेर सक्तीचा आहे.

इजेक्शन फ्रॅक्शनवर (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्यावर) थांबू नका. ते ६० टक्के असूनही स्नायू नीट सैल पडत नसतो, आणि चरबीचा परिणाम बहुधा तिथेच आधी उमटतो. ई बाय ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारं गुणोत्तर), डाव्या कर्णिकेचं आकारमान, ट्रायकस्पिड झडपेतल्या गळतीचा वेग हे तिन्ही घ्या. सरासरी ई बाय ई-प्राइम १४ च्या वर, कर्णिका ३४ मिलिलिटर प्रति चौरस मीटरच्या वर, गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर, या खुणा. कर्णिकेकडे लक्ष असण्याचं कारण असं की, एपिकार्डियल चरबीतून सुटणारं अ‍ॅक्टिव्हिन ए कर्णिकेच्या स्नायूत तंतू वाढवतं, हे माणसाच्या चरबीवरच्या प्रयोगात २०१५ मध्ये दिसलं आहे.

आता आकडे शेजारी ठेवले की गोंधळ सुरू. अ‍ॅडिपोनेक्टिन 'चांगलं' हार्मोन: दाह कमी करतं, स्नायूत एएमपीके (पेशीची ऊर्जा सांभाळणारं एन्झाइम) जागं करतं. कोरोनरी आजारात एपिकार्डियल चरबीतलं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी सापडतं, हे २००५ पासून ठाऊक आहे. पण त्याच वर्षी, जुन्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत रक्तातलं अ‍ॅडिपोनेक्टिन जितकं जास्त तितके मृत्यू जास्त, असंही दिसलं. हे परस्परविरोधी वाटतं, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. रक्तातला आकडा सगळ्या शरीराचा असतो, आणि ताणलेलं हृदय जी नॅट्रियुरेटिक पेप्टाइड्स सोडतं ती चरबीला अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवायला लावतात. किडनी बिघडली, वजन झडलं तरी तो चढतो. शिवाय संवाद दोन्ही बाजूंनी आहे: स्नायूत ऑक्सिडेशनचा ताण वाढला की तिथून निघालेले रेणू वरच्या चरबीला अ‍ॅडिपोनेक्टिन बनवायला सांगतात. म्हणून रक्तातल्या आकड्यावरून 'याच्या हृदयावरची चरबी चांगली' असं कुणी लिहिलं की मी ते वाक्य खोडते.

तुलनेच्या गटाचा प्रश्न याहून अवघड. निरोगी माणसाची छाती उघडता येत नाही, म्हणून झडपेच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण घेतात. आपल्याकडे त्यांत संधिवाताच्या तापाने झडप गेलेले पुष्कळ: तरुण, सडपातळ, बऱ्याच स्त्रिया. समोर मधुमेही, पोट सुटलेला साठीचा पुरुष. लेप्टिन स्त्रियांत मुळातच जास्त असतं. या दोन गटांतला फरक हृदयविकाराचा म्हणून छापणं म्हणजे वयाला आणि लिंगाला आजाराचं नाव देणं. वय, लिंग, कंबर, मधुमेह आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) जमेस धरल्यावर काय उरतं तेवढंच बोला.

औषधांचा रकाना मात्र आता वाढवावा लागला आहे. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन या गोळीने अ‍ॅडिपोनेक्टिन चांगलंच वर जातं, ते पूर्वीपासून होतंच. लिराग्लुटाइड या इंजेक्शनवर ६ महिन्यांत इकोवरची जाडी साधारण एक तृतीयांशाने उतरल्याचं एका छोट्या चाचणीत दिसलं, आणि अशी इंजेक्शनं घेणारे रुग्ण आता सर्रास येतात. मधुमेहाच्या एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेआधी ३-४ दिवस बंद करतात, म्हणजे इको औषधावर आणि चरबीचा तुकडा औषधाविना. 'औषध चालू: हो/नाही' एवढं पुरत नाही. औषधाचं नाव, किती महिन्यांपासून, आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला, हे भूल देण्याआधीच रुग्णाच्या नातेवाइकांना विचारून घ्या. नंतर गोळ्यांची पिशवी घरी गेलेली असते.