मायच्या टोंगळ्यांचं निदान कागदावर आणताना

मायच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जन आरोग्य योजनेतून व्हावी म्हणून पाठवलेला प्रस्ताव 'निदान स्पष्ट करा' असा शेरा घेऊन परत आला. आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसानं, कागद पुढे ठेवले. इतक्या वर्षांच्या चिठ्ठ्या, पण प्रत्येकीवर नुसतं 'गुडघेदुखी', आणि आजारांच्या जागतिक यादीतला (आयसीडी-१०) कोड एम २५.५. तो लक्षणाचा कोड. दुखतं कशानं, ते त्यात नाहीच. एका कार्डावर तर आमवाताचा कोड होता, आणि तो आजारच वेगळा.

कोड टाकणाऱ्याला मनानं काही भरता येत नाही, डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच. म्हणून यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. निजवून काढला तर सांध्यातली फट आहे त्याहून मोठी दिसू शकते. मग विचारलं, "आजी, पायाला कधी मार लागला होता का?"

"बंडीवरून पडली होती नं बापा, डाव्या पायाची नळी मोडली होती."

माय बैलगाडीवरून पडली होती, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं! माराने झालेली झीज असती तर डाव्या गुडघ्याचं निदानच बदललं असतं, कोड एम १७.३ झाला असता. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. जुनं फ्रॅक्चर सांध्यापर्यंत गेलेलं नव्हतं, हाड सरळ जुळलं होतं. हेही त्यांनी लिहिलं, याचं मला फार बरं वाटलं.

निदान ठरलं: दोन्ही गुडघ्यांचा प्राथमिक ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे मार वगैरे दुसरं कारण नसलेली सांध्याची झीज, एम १७.०. एक्स-रेवरून झीज किती ते सांगणारी केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (० ते ४) उजवीकडे ४, डावीकडे ३. शस्त्रक्रिया आधी उजव्याची, पण एम १७.० म्हणजे दोन्ही गुडघे. म्हणून 'उजवा' अक्षरात लिहून घेतलं. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन करून झालं, किती चालवतं, रात्री दुखतं का, तेही आलं. मायची शुगर वेगळ्या ओळीत लिहिली.

ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे, डॉक्टरांना दोष देत नाही. पण निंदण-वेचणीत टोंगळे झिजलेल्या आमच्याकडच्या बायांनी कोणता पाय, कधीपासून, मार लागला होता का, हे आपणहून सांगावं, आणि सोबतच्यानं ते चिठ्ठीवर आलं का ते पाहावं.

मंजुरी आली, शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डावर पुन्हा नुसतं 'गुडघा' होतं. तिथंच उभं राहून 'उजवा' लिहून घेतलं, इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं, स्टिकर चिकटवून घेतलं. डाव्याच्या वेळी हेच कार्ड दाखवायचं आहे.