चाकावरचा नववा आठवडा: तळ दाबायचा राहून गेला

मी कुंभारकाम शिकतेय. मागच्या नोंदीत चाकावर मातीचा गोळा मधोमध बसत नसल्याचं लिहिलं होतं. तो अडसर आता दूर झालाय. उपाय दोन होते. ८०० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅम माती घ्यायला लागले, आणि डावं कोपर पोटाशी घट्ट टेकवून हाताच्या जोराऐवजी कमरेतून पुढे रेलायला लागले. पाणीही निम्म्यावर आणलं. ज्यांचा गोळा अजून थरथरतो आहे त्यांनी आधी कोपर कुठे आहे ते बघावं.

आज लिहायचंय ते वाडग्याबद्दल. सातव्या आठवड्यात १४ सेंटीमीटर तोंडाचा पहिला मनासारखा वाडगा उतरला होता. पहिल्या भाजणीतून तो मागच्या आठवड्यात बाहेर आला. वर्गातल्या ताई प्रत्येक भांडं तळहातावर घेऊन बोटाच्या पेराने वाजवतात. इतरांची भांडी टणटणली, माझा वाडगा बद्द वाजला. उलटा करून पाहिलं तर तळाच्या मध्यावर केसाएवढी, दोन्ही टोकांना विरुद्ध बाजूंना वळलेली चीर. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावून दुसऱ्यांदा १,२०० अंशांच्या पुढे भाजला असता तर ती आणखी उघडली असती. वाईट वाटलं. घरी आल्यावर गोरोबाकाकांची गोष्ट आठवली, थापटण्याने, म्हणजे मडकी ठोकायच्या लाकडी थापीने, संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची. लहानपणी ऐकताना त्यातला अपमानच तेवढा कळला होता. वाजवून बघणं हे कुंभाराचं रोजचं काम असतं, हे आता कळलं.

चीर का पडली? भिंती वर ओढताना तिथली माती बोटांच्या दाबात येते आणि दाट होते. तळाच्या मध्याला मात्र कुणी हात लावत नाही, वर तिथेच पाणी साचून राहतं. सुकताना ही सैल, ओली माती भिंतींपेक्षा जास्त आकसते आणि ताण मध्यावर येतो. चाकामुळे मातीला पीळ बसलेला असतोच, म्हणून चीर सरळ जात नाही, वळते. त्यात माझी एक भर होती. वाडगा लवकर सुकावा म्हणून मी तो पंख्याखाली ठेवला होता. काठ दुसऱ्याच दिवशी पांढरा पडला, तळ मात्र चौथ्या दिवशीही हाताला गार लागत होता.

रविवारी पुण्यातच मुंढव्याला केशवनगरातल्या कुंभारवस्तीत गेले. एक काका माठ थापत होते. चाकावरून उतरवलेलं जाड अंगाचं भांडं सुकून थोडं आवळलं की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत अंग पातळ करत, बूड गोल करत न्यायचं. मी माझ्या चिरेचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बुडाला मार बसला नाही तर ते उलणारच." बस, एवढंच. पण चाकावर मी जे करायला विसरले, तेच ते थापटण्याने करत होते. दाट करणं. त्यांचं चाकही विजेवर चालतं, पण घड्याळाच्या दिशेने फिरतं, आमच्या वर्गातलं उलट. त्यांनी बसून बघायला सांगितलं. नऊ आठवड्यांत हातांना लागलेली सगळी सवय तिथे उलटी पडली, तरी बोटांखाली ती काळसर माती इतकी लोण्यासारखी होती की उठावंसं वाटेना.

या आठवड्यात चार वाडगे केले. गोळ्यात मधोमध खड्डा करून तो उघडल्यावर तळाची जाडी सुईने मोजली, ८ मिलिमीटर ठेवली. मग ओल्या बोटांनी मध्यापासून कडेकडे आणि कडेपासून मध्याकडे, प्रत्येकी पाच-सहा वेळा दाबत गेले. भिंती ओढून झाल्यावर स्पंजने आतलं पाणी टिपलं आणि लाकडी पट्टीने तळ पुन्हा एकदा दाबला. तारेने कापून फळीवर घेतले, प्लास्टिक सैल गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी काठ उचलण्याइतका आवळल्यावर चारही पालथे घातले, म्हणजे तळाला वारा लागतो आणि काठ मागे राहतो. पायाची, म्हणजे वाडगा ज्यावर टेकतो त्या बुडाची, खरवड तिसऱ्या दिवशी केली. तळाच्या जादा मातीपैकी बरीचशी तिथे निघाली.

पुण्याचा पाऊस चालू आहे, त्यामुळे पूर्ण सुकायला दहा-बारा दिवस तरी जातील. घाई करणार नाही. आत ओल राहिली तर भट्टी शंभर अंशांना पोचताच वाफ होऊन भांडं फुटतं, आणि शेजारच्या भांड्यांनाही त्याचे तुकडे लागतात. गाल लावून बघते रोज. गार लागला की अजून ओल आहे.

आज सातवा दिवस. तीन तळ स्वच्छ आहेत. चौथ्याच्या काठावर एक बारीक रेघ दिसतेय, तळाशी तिचा संबंध नाही, बहुतेक पालथा घालताना हात लागला. तो भाजायला देणार नाही, भिजवून पुन्हा मळायला घेईन. चिरलेला वाडगा मात्र खिडकीत ठेवलाय, चीर वर करून.

पावसाळ्यात पालथं घालून सुकवताना काठ फळीला चिकटू नये म्हणून तुम्ही खाली काय घालता? मी वर्तमानपत्र वापरलं, पण त्याच्या सुरकुत्या काठावर उठल्या.