कपित ते किनाबटांगान: माकडांच्या हिवतापाच्या मुलखात बारा दिवस

बोर्निओ बेटावर मलेशियाचं सारावाक राज्य आहे. तिथल्या सिबूच्या धक्क्यावरून सुटणारी एक्सप्रेस बोट लांबुळकी आणि बंदिस्त असते, आत बसलं की विमानात बसल्यासारखं वाटतं. एसी एवढा की अंगावर शाल घ्यावी लागली. बाहेर रजांग नदी, दुधाच्या चहाच्या रंगाची. मध्येच तरंगत येणारे ओंडके आणि काठावर लाकूड कापणारे कारखाने. तीनेक तासांनी कपित आलं. मी, माझे पती आणि पंचविशीतला भाचा असे आम्ही तिघं होतो. बोर्निओत उतरून पहिल्याच दिवशी कपितला कोण जातं, असं घरच्या सगळ्यांनी विचारून झालं होतं.

मला जायचं होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये 22 वर्षं रक्ताच्या स्लाइड बघते. हिवतापाचे वायवॅक्स आणि फाल्सिपेरम हे परजीवी रोजच्या ओळखीचे. आणखी एक परजीवी मात्र मी फक्त चित्रांत पाहिलेला, आणि तो माणसांच्या आजारांच्या यादीत ठळकपणे आला तो या कपितमुळे. इथे प्लाझ्मोडियम मलेरिईचे रुग्ण फार दिसत होते. मलेरिई हा तसा संथ परजीवी, रक्तात त्याची संख्या फारशी वाढत नाही. इथले रुग्ण मात्र बरेच आजारी असायचे आणि स्लाइडवर परजीवीही भरपूर. मलेशिया सारावाक विद्यापीठाच्या बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए ओळखणारी चाचणी, करून पाहिलं. 208 रुग्णांपैकी 120 जणांच्या रक्तात निघाला प्लाझ्मोडियम नोलेसी, म्हणजे माकडांचा हिवताप. 2004 मध्ये हे छापून आलं.

चूक व्हावी असाच तो दिसतो. कोवळा असताना अंगठीसारखा, अगदी फाल्सिपेरमसारखा. वाढला की लाल पेशीवर आडवा पट्टा ओढल्यासारखा, हुबेहूब मलेरिई. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगायची हिंमत मी तरी करणार नाही. फरक आहे तो वेळेचा. वायवॅक्सचं लाल पेशीत वाढून बाहेर पडायचं चक्र 48 तासांचं, मलेरिईचं 72 तासांचं आणि नोलेसीचं 24 तासांचं. आयुर्वेदात तृतीयक आणि चातुर्थिक ज्वराच्या शेजारी अन्येद्युष्क, म्हणजे रोज एकदा चढणारा ताप, सांगितला आहे. त्या घड्याळाने चालणारा हा परजीवी. रोज नवी पिढी बाहेर पडते, म्हणून आज हलका वाटणारा रुग्ण दोन-तीन दिवसांत गंभीर होऊ शकतो. स्लाइडवर 'मलेरिई' दिसलं आणि माणूस आग्नेय आशियातल्या जंगलातून आलेला असेल, तर नोलेसी समजूनच उपचार करायचे. माझ्या सगळ्या लिहिण्यातलं हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

या परजीवीची पहिली नीट ओळख झाली आपल्याकडे, कोलकात्यात. सिंगापूरहून आणलेल्या एका लांब शेपटीच्या माकडाच्या रक्तात तो सापडला. रॉबर्ट नोलेस आणि दासगुप्ता यांनी 1932 मध्ये दाखवून दिलं की तो टोचून माणसातही जातो. नोलेस यांचंच नाव त्याला मिळालं. जंगलात नैसर्गिकरीत्या लागण झालेला पहिला माणूस 1965 मध्ये नोंदला गेला, मलेशियाच्या पहांगमध्ये काम करून परतलेला एक अमेरिकन सर्वेक्षक. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं हे प्रकरण अपवाद म्हणून बाजूला पडलं होतं.

कपितमध्ये एक मुक्काम पुरे. नदीकाठचा फोर्ट सिल्व्हिया आणि सकाळचा बाजार बघून होतो. खरं बघायचं ते इबान लोकांचं लाँगहाऊस. एका लांबच लांब छपराखाली ओळीने घरं आणि सगळ्यांच्या दारापुढून जाणारी एकच पडवी, तिला रुआई म्हणतात. चपला बाहेर काढायच्या, आधी प्रमुखाला, म्हणजे तुआई रुमाहला, भेटायचं आणि सगळ्या घरांत वाटता येईल असा खाऊ न्यायचा. वाटाड्याशिवाय जाऊ नका, बोलावल्याशिवाय तर नकोच.

संध्याकाळी रुआईवर एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. वाटाड्यामार्फत मी हिवतापाचं विचारलं. ते म्हणाले, घरी झोपून नाही होत, डोंगरावरच्या शेतातल्या खोपीत राहिलं की होतो. इथल्या आजाराचं सगळं गणित या उत्तरात आहे. रुग्ण बहुतेक प्रौढ पुरुष असतात: शेतकरी, शिकारी, लाकूडतोडे, पाम तेलाच्या मळ्यातले मजूर. लांब शेपटीच्या आणि आखूड डुकरी शेपटीच्या माकडांत हा परजीवी मुक्कामाला असतो आणि त्यांना सहसा फारसं काही होत नाही. त्यांच्याकडून माणसापर्यंत तो आणतो जंगलात राहणारा अ‍ॅनोफिलीस डास, सारावाकमध्ये लेटेन्स आणि शेजारच्या साबाह राज्यात बालाबासेन्सिस जातीचा. हे डास घराबाहेर चावतात आणि दिवस मावळल्या मावळल्या कामाला लागतात. म्हणून नुसत्या मच्छरदाणीच्या भरवशावर राहू नका. ती हवीच, पण तुम्ही तिच्यात शिरता तोवर धोक्याचे तीन-चार तास उलटून गेलेले असतात.

माकडाला हात लावल्याने हा हिवताप होत नाही, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं. तरीही माकडांना खाऊ घालू नका. चावली तर रेबीजच्या लशीची धावपळ. सारावाकमध्ये 2017 पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे, तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांपासूनही लांब राहा.

कपितहून परत सिबू, विमानाने साबाहमधलं कोटा किनाबालू, तिथून संडाकान. प्रवासातल्या या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. संडाकानहून किनाबटांगान नदीकाठच्या सुकाऊला जाणारा रस्ता मात्र विसरता येत नाही. दोन्ही बाजूंना पामचे मळे, एकसारखी झाडं, तास उलटला तरी तेच. आणि नदीपाशी पोचल्यावर अचानक जंगलाची चिंचोळी पट्टी. किनाबटांगानच्या काठी एवढे प्राणी दिसतात, कारण त्यांना सरकायला मागे जागाच उरलेली नाही. माकडं, डास आणि माणसं त्याच पट्टीत दाटीने राहतात. मलेशियाने माणसाकडून माणसाला होणारा हिवताप जवळपास संपवला, 2018 पासून त्याच्या स्थानिक लागणीचा एकही रुग्ण नाही, आणि त्याच वर्षी नोलेसीचे 4 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. जंगल तुटतं तसा हा आजार माणसाजवळ येतो. ते मळे बघताना माझ्या पोटात कालवाकालव होत होती.

संध्याकाळची बोटफेरी हे इथलं वैभव आहे. मोठ्या नाकाची प्रोबॉसिस माकडं काठावरच्या झाडांवर रात्रीपुरती येऊन बसतात, धनेश जोडीने नदी ओलांडतात. आमच्या बोटीशेजारच्या झाडावर लांब शेपटीच्या माकडांचा कळप झोपायची जागा धरत होता. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाचीच भावंडं. एक आई पिलाच्या कानामागचं काहीतरी टिपत होती, आणि पिलू इतकं पेंगुळलेलं की मान आपोआप खाली जात होती. बोट थांबवून आम्ही दहा मिनिटं बघत राहिलो.

त्याच दहा मिनिटांत भाच्याने बाह्या वर सरसावल्या होत्या. माझ्या लक्षात आलं ते कपाळावरचा दिवा लावल्यावर. त्याच्या मनगटावर डास बसलेला: डोकं खाली, मागचं अंग वर, टाचणी तिरकी टोचावी तसा, म्हणजे अ‍ॅनोफिलीस. पायांवर ठिपके आणि मागच्या पायाच्या सांध्याशी पांढरा पट्टा. मी हात मारेपर्यंत त्याचं पोट भरलं होतं. ही माझी चूक. निघताना सगळ्यांच्या बाह्या मी बघायला हव्या होत्या.

तुम्ही जाल तेव्हा साडेपाचलाच पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, लांब पँट आणि मोजे चढवा. रंग फिकट असू द्या, डास दिसतो. उघड्या अंगावर 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन असलेलं डास पळवणारं मलम लावा, घामाने गेलं की पुन्हा. उन्हाचं क्रीम आधी, डासांचं नंतर. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून नेलं तर फारच उत्तम. शक्य तर जळवांचे मोजेही घ्या, पावसानंतर पायवाटांवर लागतातच. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण निघण्याआधी विचारा. आम्ही डॉक्सीसायक्लिन घेतली. ती जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर 4 आठवडे चालू ठेवायची असते, आणि शेवटच्या आठवड्यांतच लोक ती सोडतात. तिने ऊन जास्त भाजतं, गर्भवतींना आणि लहान मुलांना ती चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवसच घ्यावी लागते.

भाच्याने घरी आल्यावर गोळ्या सोडल्या होत्या. अकराव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. जवळच्या दवाखान्यात झटपट चाचणी झाली, हिवताप नाही म्हणून सांगितलं. प्लेटलेट 70 हजार. व्हायरल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, आणि कुठून प्रवास करून आलास हे कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा रात्र झाली होती. नोलेसीमध्ये त्या झटपट पट्ट्यांवर विसंबता येत नाही, आणि प्लेटलेट त्यातही हमखास उतरतात. मी त्याच रात्री त्याचं रक्त घेतलं, काचेवर जाड आणि पातळ दोन्ही स्मिअर, म्हणजे रक्ताचे थर, केले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाड स्मिअरची 200 क्षेत्रं मोजून बघितली. प्रत्येक क्षेत्रात परजीवी शोधत होते आणि तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडत होते. काही दिसलं नाही. पण एका नकारार्थी स्लाइडवर थांबायचं नसतं, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही बघितल्या. पीसीआरचा नमुना पाठवला. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस1 चाचणी पॉझिटिव्ह आली, मग पीसीआरही निगेटिव्ह. आठवड्याने तो उठून बसला.

नोलेसी निघाला असता तरी औषध आहे. वेळेवर सापडला तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनने बरा होतो, गंभीर रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट देतात. वायवॅक्ससारखा तो यकृतात दडून महिन्यांनी उलटत नाही. तापाची सुरुवात तिथेच असताना झाली, तर घरी जाऊन बघू असं करू नका. सरळ तिथल्या सरकारी इस्पितळात जा, मलेशियातल्या डॉक्टरांइतका हा आजार दुसरीकडे क्वचितच कोणी पाहिला असेल. परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिलं वाक्य हे असू द्या: 'मी बोर्निओच्या जंगलात अमुक तारखांना होतो, तिथे माकडांचा हिवताप आहे.' तारखा आणि गावांची नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा, तापात आठवत नाहीत.

उरलेलं थोडक्यात. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड निघण्याआधी ऑनलाइन भरा. क्वालालंपूरहून सारावाक किंवा साबाहला उतरलं की पासपोर्ट पुन्हा तपासतात, तो सामानात टाकू नका. कपितपर्यंत आता रस्ताही झाला आहे, तेव्हा बोटीच्या वेळा सिबूच्या धक्क्यावर आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि जमलं तर जाताना तरी बोटीनेच जा. लाँगहाऊससाठी आणि सुकाऊसाठी सुटे रिंगिट हाताशी ठेवा. सुकाऊमध्ये दोन रात्री राहा. पहाटेच्या फेरीला धुकं असतं, आणि आम्हाला ओरांगउटान दिसला तो त्याच वेळी, अंजिराच्या झाडावर, एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने फळं तोडताना.